चोवीस रबरं आणि एक जिप्सी

जुन्या फोर बाय फोरवर आपण जीव लावतो, पैसा ओततो. पण तिच्या पोटाखालच्या बुचाएवढ्या रबराकडे कुणी बघतं का?

तुमच्याकडे जुनी जीप, जिप्सी किंवा तत्सम दांडगी गाडी आहे? मग 'खडखड' नावाच्या बाईंशी तुमची ओळख असणारच. या बाई कुठे राहतात ते कुणालाच माहीत नसतं. खड्ड्यात हजर, स्पीडब्रेकरवर हजर, आणि गॅरेजमध्ये नेलं की एकदम गायब! मग आपण काय करतो? म्युझिकचा व्हॉल्यूम वाढवतो. बाई तिथेच असतात, आपल्याला ऐकू येत नाहीत इतकंच.

हौस मात्र भरपूर. अलॉय व्हील्स, एलईडी बार, मोठ्या गुट्ट्यांचे टायर, छतावर रॅक, मागे डोंगराचं स्टिकर. फोटो झक्कास येतात. पण गाडी सरळ जाते का, ब्रेक मारल्यावर लाइन सोडते का, याचा फोटो निघत नाही ना! हा लेख त्या न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. सस्पेन्शनचे बुश. ऐकायला बोअरिंग वाटतंय? थांबा जरा. माझे आई-बाबा या रबरांच्या भरवशावर राजूर घाट उतरत होते.

पाटा, शॅकल आणि मधलं रबर

आमची गाडी मारुती जिप्सी किंग, २००१चं मॉडेल. जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५मध्ये, ९७० सीसीचं इवलंसं इंजिन घेऊन. १९९६ला १.३ लिटरची 'किंग' आली, २०००मध्ये तिला एमपीएफआय इंजिन मिळालं. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९मध्ये थांबली. या तीसेक वर्षांत इंजिन बदललं, पण खालचा सांगाडा तोच राहिला: पुढे-मागे सलग धुरा आणि चारही चाकांना पाटे. आर्मी, पोलीस, फॉरेस्टवाले आणि रॅलीवाले, सगळ्यांचा तिच्यावर जीव तो या साधेपणामुळेच.

आता हा पाटा कसा काम करतो बघा. खड्डा आला की कमानीसारखा वाकलेला पाटा सरळ होतो. सरळ झाला म्हणजे त्याची लांबी वाढणार. म्हणून त्याचं एक टोक चासीला पक्कं बसवलेलं असतं आणि दुसरं 'शॅकल' नावाच्या छोट्या झोक्याला टांगलेलं असतं. पाटा लांबला की झोका हलतो, आखडला की परत येतो. पाट्याची टोकं गोल वळवलेली असतात. त्या गोलात बोल्ट जातो, आणि लोखंड-लोखंडाच्या मधे बसतं ते रबर म्हणजे बुश. त्याने पाट्याला थोडं फिरू द्यायचं, रस्त्याचा हादरा गिळायचा, आणि हे सगळं करताना धुरा जागची हलू द्यायची नाही. एवढ्याशा रबराला तीन-तीन नोकऱ्या!

हिशोब करा. पाटे चार. प्रत्येकाची टोकं दोन, म्हणजे आठ. शॅकलची वरची बाजू चासीला लागते, तिथे आणखी चार. झाल्या बारा जागा. प्रत्येक जागी दोन्हीकडून एकेक अर्धा बुश, कॉलर असलेल्या बाटलीच्या बुचासारखा. एकूण चोवीस रबरं.

महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्या विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्यांच्यात रबर नव्हतं. तिथे आटे असलेले लोखंडी बुश आणि यू आकाराचे शॅकल असायचे. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस द्यावं लागायचं. काही शॅकलचे आटे तर उलटे! ज्याला माहीत नाही तो पाना लावून घट्ट करत बसणार आणि म्हणणार, निघत का नाही? रबर आलं आणि ग्रीसची कटकट गेली. पण झालं असं, की ज्याला ग्रीस द्यावं लागत नाही त्याच्याकडे कुणी खाली वाकून बघतही नाही.

"तिची चालच तशी आहे"

घर चिखलीला, नोकरी पुण्यात. मलकापूर स्टेशनवर उतरलं की बाबा जिप्सी घेऊन हजर, ही आमची वर्षानुवर्षांची सिस्टिम. यंदा मोताळ्याच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर मी सहज त्यांच्या हातांकडे बघितलं. रस्ता सरळ, पण हात सतत हलतायत. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. कार्टून फिल्ममधला ड्रायव्हर चालवतो तसं.

"बाबा, स्टिअरिंग एवढं का हलवताय?"

"कुठे हलवतोय? तिची चालच तशी आहे."

दुसऱ्या दिवशी मी चालवायला घेतली. बुलढाण्याहून राजूर घाट उतरताना वळणाच्या आधी ब्रेक दाबला आणि गाडीने नाक डावीकडे घातलं. ब्रेक सोडला तर परत उजवीकडे. समोरून एसटी येत होती. मागे आई निवांत बसलेली, कारण तिच्या लेखीही गाडीची चाल तशीच!

मला घाबरवलं ते या निवांतपणाने. बुश एका दिवसात मरत नाही. तो वर्षाला थोडा थोडा कडक होतो, भेगाळतो, झिजतो. चालवणारा तेवढाच थोडा थोडा सावरायला शिकतो. बाबांनी इतक्या वर्षांत गाडीचा प्रत्येक दोष हाताने भरून काढला होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हात साठीपार झालेत. अचानक कुत्रं आडवं आलं तर हे सावरणं किती वेळात होणार?

घरात दुसरी चर्चा चालूच होती. काका म्हणत होते, भंगारात द्या. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, मग फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी रिन्युअल. कारच्या रिन्युअलची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती दुप्पट केली गेली. वर पर्यावरण कर आहेच. आमचं रिन्युअल तोंडावर आलेलं. म्हणजे प्रश्न दोन होते. गाडी ठेवायची का? आणि ठेवायची तर बाबांनी ती चालवायची का? दुसरा प्रश्न बाबांसमोर काढायची हिंमत कुणाकडेच नव्हती.

चाचांचं निदान

आमच्याकडे जिप्सीचं काम एकच मिस्त्री करतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. आवाज ऐकून काही जणांनी 'शॉकप गेले' असा निकाल दिला होता. चाचांनी गाडी गल्लीतून एक चक्कर मारून आणली आणि मान हलवली.

"बेटा, शॉकप गेला तर गाडी नाचते. ही नाचत नाही, ही बाजूले सरकून राह्यली. खाली पाहावं लागते."

मग मी सतरंजी टाकून त्यांच्या शेजारी गाडीखाली झोपले. पोराने ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवली. चाचांनी पुढच्या डाव्या पाट्याच्या पक्क्या टोकावर बॅटरी मारली. पाट्याचं टोक बोल्टभोवती चक्क सरकत होतं! रबर एका बाजूने पापडासारखं झालेलं, दुसऱ्या बाजूने गायब. लोखंड लोखंडाला घासून चमकत होतं, आणि भोवती तांबूस गंजाची पावडर.

घाटातलं कोडं तिथेच सुटलं. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो. ते ढकलणं अडवायचं काम पाट्याच्या पक्क्या टोकाचं. उजवीकडचा बुश बरा होता, डावीकडचा संपलेला. म्हणजे ब्रेक मारताच डावं चाक काही मिलिमीटर मागे जायचं, आख्खी धुरा तिरकी व्हायची आणि गाडी डावीकडे वळायची. स्टिअरिंगला हातही न लावता! ब्रेक सोडला की धुरा जागेवर. जिप्सीचा ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सगळं ठीक होतं. गुन्हेगार होतं ते बुचाएवढं रबर.

पण रबर मेलं कशाने?

वय हे एक कारण. आमच्याकडचा उन्हाळा हे दुसरं. बुलढाणा शहर डोंगरावर असल्यामुळे जरा थंड, पण घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे मे महिन्यात काय होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाने रबर कडक होतं. तिसरं कारण आमची काळी माती. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ती पाट्याला लपेटून बसते, वाळली की दगड होते, आणि तिच्यातली कच बुशच्या कडेने आत शिरते.

चौथं कारण मात्र माणसाचं. सर्व्हिसिंगनंतर 'खालून ऑइल मारून द्या' ही आपल्याकडची लाडकी पद्धत. डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल एकत्र करून गाडीच्या पोटावर फवारायचं. पाटे कुरकुरत नाहीत, गंज लागत नाही, गाडी काळी कुळकुळीत दिसते. पण नैसर्गिक रबराला तेलाचं वावडं आहे. ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि लगद्यासारखं निघून येतं. लोखंडाला जपण्यासाठी आपण दर पावसाळ्यापूर्वी रबराला विष पाजतो, तेही पैसे देऊन.

रबर की पीयू?

आजकाल बाजारात रंगीबेरंगी पॉलियुरेथेनचे, म्हणजे पीयू बुश मिळतात. लाल, पिवळे, निळे. दिसायला एकदम कूल. ते टिकतात जास्त, तेलाला घाबरत नाहीत आणि गाडी टाइट वाटते. ट्रॅकवर किंवा चिखलात गाडी घालणाऱ्या मित्रांचा जीव त्यांच्यावरच. पण ते रबरापेक्षा कडक असतात. बारीक हादरे थेट सीटपर्यंत पोचतात आणि सिलिकॉन ग्रीस न लावता बसवले तर उंदीर पाळल्यासारखे चिंचिं करतात.

आमच्या जिप्सीला रॅली जिंकायची नव्हती. तिला शेतात, बाजारात आणि स्टेशनवर जायचं होतं, आईच्या कंबरेसकट. मी साधे रबराचे बुश घेतले. जिप्सीचे सुटे भाग शोधले की मिळतात. फक्त डुप्लिकेटपासून सांभाळा. हातात घेऊन दाबा, वास घ्या, साच्याची कड बघा. वजनाला हलकं, चकचकीत आणि नखाने खरवडलं की भुगा पडणारं रबर असेल तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. सोबत बोल्ट आणि नटही नवे घ्या. गंजलेल्या बोल्टवर नवा बुश बसवणं म्हणजे नव्या शर्टाला तुटकं बटण लावणं.

ऑपरेशन थिएटर

काम रविवारी. पण तयारी शनिवारीच सुरू. चाचांनी प्रत्येक नट तारेच्या ब्रशने घासून त्याच्यावर गंज सोडवणारं तेल मारलं, ते जुन्या रबरावरून पुसून घेतलं आणि रात्रभर सोडून दिलं. "घाई केली का बोल्ट तुटते," हे त्यांचं पहिलं तत्त्व.

सकाळी सपाट सिमेंटवर गाडी उभी केली. मागच्या चाकांना दगड लावले. पुढून जॅकने उचलून चासीखाली दोन मजबूत घोड्या दिल्या आणि जॅक धुऱ्याखाली नेला. हे महत्त्वाचं! नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, कितीही अनुभवी मिस्त्री सांगत असला तरी. गाडीचं वजन घोड्यांनी घ्यायचं, आणि जॅकने धुरा एवढीच तोलून धरायची की पाट्यावर ना ताण ना लोंबकळ. ते जमलं की बोल्ट हाताने हलतो, नाही जमलं तर घण मारावा लागतो. दुसरा नियम, एका वेळी एकच पाटा. दोन्ही बाजू मोकळ्या केल्या की धुरा कुठे जाईल ते देवच जाणे.

शॅकलच्या बाजूचे बुश पेचकसाने ढकलताच बाहेर आले. पक्क्या टोकाचे मात्र पाट्याला चिकटून बसलेले. अशा वेळी गॅसकटरने रबर जाळून काढायची पद्धत सर्रास दिसते. चाचांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबर आहे. एक तर त्या काळ्या धुराने छाती भरते. दुसरं, पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेलं असतं. आच लागली की ते उतरतं आणि पाटा त्याच जागी एक दिवस तुटतो. त्यांनी हॅकसॉचं ब्लेड आत घालून रबर उभं कापलं आणि सालासारखं सोलून काढलं. मग आतली जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली. ते घासायचं काम माझं. मॅनिक्युअरचं काय झालं ते विचारू नका.

नवं रबर बसवताना ग्रीस नाही, ऑइल नाही. फक्त साबणाचं पाणी. बुश सटकन आत जातो आणि पाणी वाळलं की जागेवर बसतो.

आता सगळ्यात मोठी ट्रिक. नट लगेच आवळायचे नाहीत! फक्त हाताने लावायचे. चारही पाटे झाले की गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दाबून चार वेळा हलवायची, आणि मग पूर्ण वजन जमिनीवर असताना मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचं. कारण काय? रबर बोल्ट आणि पाट्याच्या मधे आवळलेलं असतं, ते पिळलं जाऊनच हालचाल देतं. गाडी हवेत असताना आवळलं तर खाली उतरवताच ते कायमचं पिळलेलं राहणार. गाडी उंच आणि कडक वाटणार, आणि बुश काही महिन्यांत फाटणार. चोवीस नवी रबरं पाण्यात!

संध्याकाळी पाच वाजता शेवटचा नट आवळला. रबर, बोल्ट, मजुरी धरून खर्च पुण्यातल्या दोघांच्या एका वीकेंड पार्टीएवढा. त्यातही रबरांचा वाटा सगळ्यात कमी.

बोथ्याच्या रस्त्यावर

टेस्ट ड्राइव्हसाठी मी बुलढाणा-खामगाव रस्ता निवडला. हा रस्ता बोथा घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. टिपेश्वरहून निघून शेकडो किलोमीटर पायपीट करत आलेला तो प्रसिद्ध कॉलरवाला वाघ २०१९च्या अखेरीस याच जंगलात येऊन थांबला होता. आम्हाला दिसली ती माकडं, पण मी बघत होते रस्त्याकडे.

पहिला स्पीडब्रेकर. धप्प, आणि शांतता. खडखडबाई घर सोडून गेल्या होत्या. सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग हलकं धरलं, गाडी सरळ. मागे कुणी नाही ते बघून जरा जोरात ब्रेक दाबला, गाडी सरळ. मग मी बाबांना चालवायला दिली.

पहिले दोन किलोमीटर गाडी वळवळत गेली. गाडी नाही, बाबांचे हात! इतक्या वर्षांच्या सवयीने ते अजूनही नसलेला दोष सावरत होते. मग हळूहळू हात थांबले. बोथ्याच्या पुढे ते म्हणाले, "अरे, ही तर नुकती घेतली होती तशी चालतेय." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हणजे मी इतकी वर्षं हिला ओढत होतो का गं?"

मी काही बोलले नाही. काकांचा भंगाराचा विषय त्या रात्री जेवताना निघाला नाही. गाडी राहणार. रात्रीचा घाट मात्र बाबांनी टाळायचा, हे आईने परस्पर ठरवून टाकलं, आणि आश्चर्य म्हणजे बाबा हो म्हणाले. बुश बदलल्याने डोळे तरुण होत नाहीत, हे त्यांनाही कळतं.

तुमच्यासाठी होमवर्क

तुमची गाडी पाट्यांची नसेल तरी सुटका नाही. २०२३ची जिम्नी असो की २०२०नंतरची थार, कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांनाही धुरा किंवा चाकं जागेवर धरणारे हात असतात, आणि त्या हातांच्या टोकांना बुश. तेव्हा पुढच्या ट्रिपआधी पाच मिनिटं काढा.

• सपाट, रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला जाते आणि ब्रेक सोडताच परत येते? ब्रेकसोबत बुशही तपासा.

• कुणाला तरी गाडी पुढे-मागे हलवायला सांगा आणि बाजूला बसून, बॅटरी मारून पाट्याच्या टोकांकडे बघा. टोक बोल्टभोवती सरकता कामा नये.

• चमकलेलं लोखंड, तांबूस पावडर, बाहेर आलेलं रबर, एका बाजूला झुकलेलं शॅकल. यातलं एकही दिसलं तर मिस्त्री गाठा.

• बुश जोडीनेच बदला. डावा नवा, उजवा जुना, असं केलं तर गाडी तिरकीच.

• धुलाई सेंटरवाल्याला आधीच सांगा, 'पोटाला ऑइल मारू नका.'

• नव्या बुशवर पाचशे किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासा.

हे शेवटचं मी चिखलीहून निघताना बाबांना दोनदा सांगितलं. गरज नव्हती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाच्या खाली, त्यांनी गाडीचं त्या दिवशीचं रीडिंग लिहून ठेवलं होतं. शेजारी अधिक पाचशे. आणि पुढे, 'चाचा, सकाळी ९.'